दुसऱ्या बेलच्या आधी

आधीच सांगून टाकते. या ग्रुपवर तुम्ही मंडळी आपापले अनुभव लिहिता ना, त्याखाली "मांजर असेल हो", "खिडकीची कडी सैल असेल", "रात्रीचं जेवण जरा हलकं ठेवा" असल्या कॉमेंट्स टाकणारी खवट म्हातारी मीच. नातीनं फोनवर हे सगळं चालू करून दिलं तेव्हापासून दुपारचा माझा तोच विरंगुळा आहे. आज लिहायची पाळी माझ्यावर आलीय, तर तुम्ही सगळे उट्टं काढणार हे मी धरूनच चाललेय. काढा. फक्त आधी शेवटपर्यंत वाचा.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, एवढंच म्हणून भागणार नाही. मी विज्ञान शिकवायचे. तरुणपणी तर मी म्हणजे स्टार्च केलेल्या साडीतलं पाठ्यपुस्तक होते. सुरीला जास्वंदीचं फूल चोळायचं, लिंबू कापून 'रक्त' काढायचं आणि गावातल्या बायकांकडे असं बघायचं, जसं काही लिंबाचा शोध मीच लावलाय! कुणाच्या अंगात आलं की हिची स्वारी तिथं नाडी मोजायला हजर. आता आठवलं की त्या पोरीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. वर्गात माझा एक नियम ठरलेला — प्रयोगात काही भलतंच दिसलं की आधी स्विच बंद, मग विचार. जन्मभर हेच घोकून घेतलं पोरांकडून. हा नियम लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल. माझी शाळा पैठण रोडवरच्या एका गावात होती आणि रोज सकाळी मी ज्या एसटीनं जायचे तिचे हे कंडक्टर. विनायक नाव. एकदा शेजारच्या बाईला मी ऐटीत जडत्व समजावून सांगत होते, ब्रेक लागला की माणूस पुढं का पडतो वगैरे. तेवढ्यात ब्रेक लागला आणि मी थेट ह्यांच्या पैशांच्या पिशवीवर! हे शांतपणे म्हणाले, "बाई, समजलं. आता दांडी धरा." वर्षभरात लग्न झालं. बी.एस्सी. बी.एड. पोरगी कंडक्टरच्या घरात, म्हणून माहेरी सुतक पाळल्यासारखं वातावरण. मीही काही कमी नव्हते. पहिली काही वर्षं घरात अशी वावरायचे की जणू मी हेडमास्तरीण आणि हे शिपाई.

एसटीची बेल तुम्हाला ठाऊक असेलच. एकदा वाजली की गाडी थांबवा, दोनदा वाजली की चला. सिंगल आणि डबल. पण ह्यांची डबल सगळ्या डेपोत प्रसिद्ध होती. पहिली 'टण' झाली की मधे हे मान बाहेर काढून मागं बघायचे — कुणी पळत येतंय का, कुणा म्हातारीचा पाय अजून पायरीवर आहे का... आणि मग सावकाश दुसरी. तोवर ड्रायव्हर हैराण. "ओ, दुसरी कवा मारता? का इंजिन बंद करून जेवायला बसू?"

तीच खोड घरी. जेवताना तोंडानं बोलणं नाही. हातातली चांदीची अंगठी ताटाच्या काठावर वाजवायची. एकदा टण — बस झालं. दोनदा — अजून वाढ. आणि मधे तेवढंच अंतर! मी पहिल्या टणला पळी मागं घ्यायचे, पातेल्यावर झाकण ठेवायचे, पाठ फिरवायचे, की मागून दुसरी टण. हे मिशीत हसायचे. म्हणायचे, "मास्तरीणबाई, तुमाला दम नाय."

रिटायर होताना डेपोतल्या दोस्तांनी एक मोठं स्टीलचं ताट दिलं, काठावर नाव कोरून. शेवटपर्यंत हे त्याच ताटात जेवले.

आमची नात केतकी बारावीला होती तेव्हा ह्यांना न्यूमोनिया झाला आणि फुप्फुसांनी पार हात टेकले. व्हेंटिलेटर लागला. तोंडात नळी, त्यामुळं बोलणं नाही. आणि नळी ओढून काढू नये म्हणून दोन्ही हात मऊ पट्टीनं पलंगाच्या दांडीला बांधलेले. सगळीकडे तसंच करतात, त्यात कुणाचा दोष नाही. पण अंगठीसुद्धा काढून आमच्या श्रीकांतच्या, म्हणजे मुलाच्या हातात दिलेली. मशीनपाशी उभी राहून मी केतकीला समजावत होते की ही रेघ हृदयाची, ही ऑक्सिजनची, हा आकडा दाबाचा. पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती. तिथंच ठरलं तिचं. नंतर आयटीला सीट मिळत असताना बाईंनी बायोमेडिकल इंजिनिअरिंग घेतलं.

एक दिवस डॉक्टरांनी मला आणि श्रीकांतला ह्यांच्या पलंगाशेजारीच विचारलं. फार मऊ आवाजात. म्हणाले, "आता गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागेल. म्हणजे मशीन बरेच दिवस चालवता येईल. किंवा... इथंच थांबता येईल. दोन्हीही बरोबरच आहे, आजी. त्यांना काय आवडलं असतं, ते तुम्ही सांगा."

हे माझ्याकडे बघत होते. शुद्धीत होते.

मी म्हणाले, "चालू ठेवा." लगेच म्हणाले. श्रीकांतनं मान हलवली. पुढं बरेच दिवस गेले आणि हे त्या मशीनवरून उतरलेच नाहीत. थांबायचं की पुढं जायचं, हे ज्या माणसानं जन्मभर बेल मारून सांगितलं, त्याचं मत एवढं एकदाच राहून गेलं. घरात यावर कधी कुणी अवाक्षर काढलं नाही. ताट मात्र मी कपाटात ठेवलं नाही. डायनिंग टेबलावर राहिलं. कधी त्यात लसूण, कधी किल्ल्या.

आता मूळ गोष्ट.

केतकी शेवटच्या वर्षाला होती. बायोमेडिकलवाल्या पोरांचं एक दुःख असतं. त्यांना जगात कुणी ओळखत नाही. खालच्या मजल्यावरच्या देशमुख वहिनी तिला विचारतात, "म्हणजे तू डॉक्टर होणार का इंजिनिअर?" आणि उत्तर ऐकायच्या आत आपलं बीपीचं मशीन दुरुस्तीला पुढं करतात. एकदा तर मिक्सर घेऊन आल्या. केतकी म्हणाली, "काकू, हा पेशंट माझ्या विषयातला नाही."

तिचा प्रोजेक्ट म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप. साध्या स्टेथोस्कोपच्या तबकडीत एक बारकासा माइक बसवायचा, आवाज मोठा करून स्पीकरवर ऐकवायचा आणि लॅपटॉपवर त्याची रेघ काढायची. गावच्या दवाखान्यातल्या नर्सला हृदयाचा आवाज नीट ऐकू यावा आणि शहरातल्या डॉक्टरला पाठवता यावा, म्हणून. जोडीला तिची मैत्रीण नौशीन. किराडपुऱ्यातली, जिभेनं तिखट आणि हातानं देखणं सोल्डरिंग करणारी. आमचं उस्मानपुऱ्यातलं डायनिंग टेबल महिनाभर त्या दोघींनी बळकावलं होतं. माझ्या लसणाची हकालपट्टी झाली आणि ताटात स्क्रू, वायरींचे तुकडे आणि कसले कसले रंगीत मणी आले.

फेब्रुवारीतली दुपार होती. श्रीकांत वाळूजला कंपनीत, सून बँकेत. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना प्रोजेक्ट दाखवायचा होता आणि आवाजात खरखर येत होती. पेशंट अर्थात मी. पदराआड तबकडी धरून बसले होते. स्पीकरमधून माझं हृदय असं ऐकू येत होतं, जसं कुणी गोधडी धोपटतंय.

नौशीन म्हणाली, "हौ दादी, दिल तो एकदम जवान है आपका!"

"इंजिन चांगलंय गं," मी म्हटलं, "पत्रा गेलाय."

मग केतकी म्हणाली, आता पेशंट नको. माणूस नसताना यंत्र स्वतःहून किती आवाज करतं, ते बघायचं. तिनं ताटातला पसारा एका वाटीत ओतला आणि रिकाम्या ताटात तबकडी पालथी ठेवली. पंखा बंद केला. लॅपटॉपवरची रेघ हळूहळू सपाट झाली. स्पीकरमधून फक्त बारीक सुंऽऽऽ. मी समोर बसून मेथी निवडत होते.

असं गप्प बसायची वेळ आली की पोरी बोलायला लागतात. नौशीननं विचारलं, "ए केतकी, तू ये ब्रँच ली काय को? सच्ची बोल. मैं तो घरवालों के डर से ली."

केतकीनं आयसीयूचं सांगितलं. मशीनचं, रेघांचं. बोलता बोलता थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी... विचारू का एक?"

"विचार."

"आजोबांना काय हवं होतं गं? थांबायचं होतं का त्यांना, की पुढं जायचं होतं?"

चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी मेथीची आणखी एक जुडी सोडली. आणि मग माझ्या नेहमीच्या पद्धतीनं, म्हणजे अवघड काही आलं की जीभ वाकडी करायची या पद्धतीनं म्हणाले, "मला काय विचारतेस? ताट त्यांचं आहे. त्यांनाच विचार."

टण.

स्पीकरमधून. खणखणीत. मघाची खरखर नाही, काही नाही... नुसती एक स्वच्छ टण, आणि तिच्यामागं स्टीलचं ते लांबत जाणारं घुमणं. लॅपटॉपवर सपाट रेघेतून एक उंच सुळका वर गेला होता. टेबलाला कुणाचा हात नव्हता. नौशीनचे दोन्ही हात तर तिच्या स्वतःच्या तोंडावर होते.

आणि मी काय केलं?

मी स्विच बंद केला.

खरंच सांगते, विचार केलाच नाही. हात आपला गेला एक्स्टेंशन बोर्डकडे. भलतंच काही दिसलं की आधी स्विच बंद! लाल दिवा विझला. सुंऽऽऽ थांबलं. खोली एकदम रिकामी झाली.

"आजी!" केतकी ओरडली. "बंद का केलंस?"

तिनं झटकन परत चालू केलं. सुंऽऽऽ. रेघ सपाट. आम्ही तिघी त्या ताटाकडे बघत बसलो. मेथी तशीच. चहाची वेळ होऊन गेली. समोरच्या बिल्डिंगमधली पोरं शाळेतून आली, जिन्यात दंगा करून गेली. ताट गप्प.

शेवटी नौशीनच हळू आवाजात म्हणाली, "दादी, गुस्सा नक्को करो... पर दादाजान ने तो फोन उठाए थे. आपनेच काट दिए."

पोरगी थट्टा करत नव्हती. डोळ्यात पाणी होतं तिच्या.

तोवर मला कळलं होतं मी काय करून बसले ते. एक टण म्हणजे थांबा. दोन म्हणजे पुढं. आणि ह्यांची पहिली आणि दुसरी यांच्यामध्ये एक अख्खी म्हातारी गाडीत चढून जागेवर बसायची! मी पहिलीला स्विच बंद केला. ती एकच होती, की दोनातली पहिली?

केतकीनं रेकॉर्डिंग उघडलं. सुळका, त्याच्या मागची थरथर, आणि थरथर विरायच्या आतच रेघ कापलेली. "आजी, तू फार पटकन बंद केलंस गं," एवढंच म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आता तुमच्या कॉमेंट्स मीच लिहून टाकते. ताट तापतं-गार होतं, त्याचा तळ टण्ण करतो. केलं, ऊन पाणी ओतून बघितलं, तळ 'बुडुक' करतो. स्क्रू पडला असेल. टाकून बघितला. चमचा, नखं, बांगडी, पेन... दोन दिवस दोघी पोरी ताट बडवत होत्या. प्रत्येक वेळी सुळका निघायचा, पण त्याची मागची थरथर वेगळी दिसायची. कॉलेजातल्या सरांनी रेघ बघितली आणि म्हणाले, "लूज कॉन्टॅक्ट. एखादी वायर हलली असेल." मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते, आणि वर मार्कही कापले असते.

पण त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी श्रीकांत घरी आला. केतकीनं त्याला काही सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "बाबा, ताटाच्या काठावर अंगठी वाजव ना एकदा." बापाची अंगठी तोच घालतो. त्यानं वाजवली. केतकीनं दुपारची रेघ आणि ही रेघ एकावर एक ठेवली. सुळका, घुमणं, ते विरत जाणं... माझ्या चष्म्यातून तरी मला फरक दिसला नाही. आणि दुपारभर ती अंगठी वाळूजला होती, श्रीकांतच्या बोटात.

मग त्याला सगळं सांगितलं. तो उठला. बाल्कनीत जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं आत येऊन म्हणाला, "आई, एकच होती ना? नक्की?"

आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की त्या पलंगाशेजारी हलवलेली मान हाही चार वर्षं खांद्यावर वागवत होता.

"एकच ऐकू आली," मी म्हटलं. "नक्की किती होत्या, ते मी कुठं ऐकून घेतलं?"

केतकी म्हणते, दुसरी येणारच होती. आजोबा तिला बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबतो म्हणाले होते, ते हार मानणारे नव्हते. श्रीकांतला वाटतं, एकच. बाबा दमले होते, आणि आपल्याला तेव्हा कळायला हवं होतं. बापलेकीचं या एका गोष्टीवर जमत नाही, आणि दोघंही निकालासाठी माझ्याकडे बघतात. मी काय निकाल देणार? पेपर मीच अर्ध्यात ओढून घेतला.

त्यानंतर कित्येक दुपारी मी यंत्र चालू करून ताटासमोर बसले. आधी थट्टेनं विचारलं. मग सरळ विचारलं. एकदा तर रागावलेसुद्धा, "अहो, ड्रायव्हर खोळंबलाय!" एकदाच काहीतरी खडखडलं, तर तो देशमुख वहिनींचा मिक्सर.

शेवटच्या सबमिशनच्या आधी केतकी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, सर म्हणतात फिल्टर घालावाच लागेल. बाहेरचे ठोके, खडखडाट, सगळं गाळून टाकायचं. नर्सला फक्त हृदय ऐकू आलं पाहिजे." फिल्टर घातला की असली टण त्या यंत्राला पुन्हा ऐकूच येणार नाही, हे दोघींनाही कळत होतं.

मी म्हटलं, "घाल. यंत्र पेशंटसाठी आहे, माझ्यासाठी नाही."

घातला तिनं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी आवाजाच्या स्वच्छपणाचं फार कौतुक केलं म्हणे. नौशीन पेढे घेऊन आली, तेही त्याच ताटात ठेवले. केतकी आता पुण्याला नोकरीला आहे, हॉस्पिटलमधली यंत्रं बसवते आणि शिकवते. अजून तिला कुणी विचारलं की तू डॉक्टर का इंजिनिअर, तर म्हणते, "मी ऐकणारी."

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. लूज कॉन्टॅक्ट म्हणालात तर मी भांडणार नाही, हात जोडून मान्य करीन. फक्त मला एवढं सांगा की तो नेमका त्याच प्रश्नाला का हलला. भुतावर माझा अजूनही विश्वास नाही. ह्यांच्यावर आहे. हा माणूस बेल अर्धी सोडणाऱ्यातला नव्हता.

तेव्हापासून एक झालंय. घरातलं कुठलंही बटण मी पटकन बंद करत नाही. पंखा, दिवा, मिक्सर, काहीही... हात बटणावर ठेवते आणि जरा थांबते. सून म्हणते, "आई, वीज जळते हो नुसती." जळू दे. दुपारी जेवताना ताट समोर असतं. वाढून झालं की मी पातेल्यावर झाकण ठेवत नाही. पळी हातात धरून बसते, भाजी पार निवून जाईस्तोवर.

आता दम आहे हो मला.